क्षेत्रकार्याची वही आणि बहिष्कृतांची वस्ती

समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य हा प्राण आहे, असे पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासालाच सांगितले जाते आणि ते खोटे नाही. आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थ्याने वर्ग सोडून वस्तीत, इस्पितळात, बालगृहात किंवा एखाद्या संस्थेत काम करायचे. पाहिले, ऐकले, केले ते वहीत लिहायचे. ती वही पर्यवेक्षक प्राध्यापकाने तपासायची आणि दर आठवड्याला विद्यार्थ्याला समोर बसवून तीवर वैयक्तिक चर्चा करायची. अधूनमधून गटचर्चा, वर्षातून एक ग्रामीण शिबिर, अखेरीस तोंडी परीक्षा. शिक्षक आणि विद्यार्थी यांची इतकी जवळून गाठ दुसऱ्या फारशा शाखांत पडत नाही. परंतु या अध्यापनपद्धतीची चिकित्सा आमच्याकडे होते ती तासांची, हजेरीची आणि गुणांची. ही पद्धत विद्यार्थ्याला काय पाहायला शिकवते आणि काय पाहूनही न लिहायला शिकवते, हा प्रश्न बाजूलाच राहतो. या महाविद्यालयांतून येणारी बरीच मुले आज दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतली आहेत आणि ज्या वस्तीत त्यांना शिकायला पाठवले जाते ती वस्तीही बहुधा त्यांचीच असते. तेव्हा हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा उरत नाही.

या पद्धतीची वंशावळ थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. लंडनमध्ये १८६९ साली दानधर्माची व्यवस्था लावण्यासाठी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. तिच्या वतीने सुस्थितीतील स्त्री-पुरुष गरिबांच्या घरी जात, कोण मदतीस 'पात्र' आणि कोण 'अपात्र' हे ठरवीत आणि काटकसर, निर्व्यसनीपणा, टापटीप यांचा उपदेश करीत. याच परंपरेत वाढलेल्या मेरी रिचमंड यांनी अमेरिकेत १९१७ साली 'सोशल डायग्नॉसिस' हा ग्रंथ लिहिला आणि घरभेटीला शास्त्राचे रूप दिले. निदान हा शब्दच वैद्यकातला. जिथे निदान आहे तिथे रोगी गृहीत धरलेला असतो. व्यक्तिसहाय कार्याची आमच्या अभ्यासक्रमातील सारी परिभाषा या मुळापासून फुटलेली आहे. अर्थात पाश्चात्त्यांकडेही दुसरी वाट होती. शिकागोच्या हल हाऊसमध्ये जेन अ‍ॅडम्स आणि त्यांचे सहकारी गरीब मोहल्ल्यातच राहिले आणि १८९५ साली त्यांनी त्या मोहल्ल्याचे नकाशे छापले. कोणत्या घरात कोणत्या देशाहून आलेली माणसे राहतात आणि आठवड्याला त्यांना मजुरी किती मिळते, हे त्या नकाशांत रंगांनी दाखवले होते. दारू कोण पितो याच्या आधी मजुरी किती मिळते हे विचारण्याची ती रीत होती.

भारतात ही विद्या मुंबईच्या नागपाड्यात उतरली. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२६ साली तेथे नेबरहूड हाऊस सुरू केले आणि त्यातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था उभी राहिली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. त्याच १९३६ साली, त्याच मुंबईत, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने नाकारलेले आपले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतः छापले. एका शहरात एका वर्षी घडलेल्या या दोन घटनांची आमच्या अभ्यासक्रमात गाठ पडायला फार उशीर लागला. अलीकडे काही ठिकाणी दलित-आदिवासी प्रश्नांचे स्वतंत्र अभ्यासक्रम निघाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत, जिथे आमची बहुसंख्य मुले शिकतात, तिथे जात हा 'भारतीय समाजाची ओळख' या पेपरातला एक प्रश्न असतो. क्षेत्रकार्याच्या वहीत ती नसते.

आता ही वही उघडून पाहू. भेटीचा दिनांक, वेळ, उद्देश, निरीक्षण, सेवार्थ्याची समस्या, कार्यकर्त्याची भूमिका, पुढील नियोजन असे तिचे रकाने असतात. रकाना ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. परंतु 'सेवार्थ्याची समस्या' असा रकाना समोर आला की विद्यार्थी समस्या सेवार्थ्यापाशीच शोधतो. नळ नाही ही समस्या. नळ कोणी येऊ दिला नाही, यासाठी कागदावर जागाच नाही. प्रस्तुत लेखकाकडे आलेल्या दोन वह्यांचे उदाहरण देतो. दोन विद्यार्थिनी एकाच गावातील एकाच वस्तीत जात होत्या. एकीने लिहिले की वस्तीत अस्वच्छता आहे, मुले आंघोळ न करता शाळेत जातात, स्त्रियांमध्ये स्वच्छतेविषयी जाणीवजागृती नाही. सबब स्वच्छतेवर पथनाट्य घेण्याचे योजले आहे. अक्षर सुरेख, मुद्दे क्रमवार. दुसरीची वही अस्ताव्यस्त होती. तिने उद्देश, निरीक्षण वगैरे काही न पाळता सलग दोन पानांत लिहिले होते की गावात पाणी सकाळी साडेसहाला सुटते, वस्तीकडचा व्हॉल्व्ह उघडायला माणूस आठानंतर येतो, तोवर टाकीचा तळ दिसायला लागलेला असतो. तो माणूस ग्रामपंचायतीचा नोकर असून, आधी कोणाकडचा व्हॉल्व्ह उघडायचा हे त्याला कोणी सांगितले, असे विचारले तेव्हा तो हसला आणि सायकलवर बसून निघून गेला. आठ वाजता बाया खुरपणीला गेलेल्या असतात. पाणी भरायला मुले राहतात, म्हणून ती शाळेत उशिरा आणि पारोशी जातात.

संस्थेच्या कार्यकर्त्याने पहिल्या वहीवर 'उत्तम' असा शेरा मारला होता आणि दुसरीवर 'मुद्देसूद लिहा'. या दुसऱ्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला जातात, हे ओघात सांगायला हरकत नाही. व्हॉल्व्ह कधी उघडतो हे तिला कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते.

पथनाट्याविषयी एक शब्द. आमची मुले दरवर्षी वस्त्यावस्त्यांतून व्यसनमुक्तीची आणि स्वच्छतेची पथनाट्ये करतात. ग्रामपंचायतीसमोर, सहकारी बँकेच्या पायरीवर किंवा सोसायट्यांच्या फाटकाशी जातीवरचे पथनाट्य केल्याचे एकही छायाचित्र महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत शोधून सापडणे कठीण.

व्यक्तीचा दोष की परिस्थितीचा, हा वाद आपल्याकडे नवा नाही. त्यावरील अत्यंत मूलगामी मांडणी बाबासाहेबांनी १९३२ सालीच केलेली आहे. पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी जो संघ स्थापन झाला आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला, त्याचे चिटणीस अमृतलाल ठक्कर यांना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून एक दीर्घ पत्र लिहिले. ते इंग्लंडला गोलमेज परिषदेसाठी निघाले होते. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी ते समाविष्ट केले. त्या पत्रात ते म्हणतात की, दलितांच्या उन्नतीकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत मानते की माणसाच्या दैन्याचे कारण त्याच्या आचरणात आहे. म्हणून ती दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा असे व्यक्तीला सद्गुणी करणारे उपक्रम हाती घेते. दुसरी मानते की माणसाचे भवितव्य त्याच्या भोवतालच्या परिस्थितीने ठरते. म्हणून आधी ती परिस्थिती बदलली पाहिजे. संघाने आपली सारी शक्ती दुसऱ्या कामावर लावावी, असा त्यांचा आग्रह आहे. विहिरी, शाळा, चावडी, रस्ते यांवरील नागरी हक्कांसाठी खेडोपाडी मोहीम काढावी. तीत दंगे होतील, डोकी फुटतील, हे गृहीत धरावे. रोजगारातील समान संधीसाठी झगडावे. स्पृश्यांनी आपली घरे अस्पृश्यांना खुली करावीत. आणि या कामाला माणसे कोणती निवडावीत? भाडोत्री सेवक नकोत, शक्यतो दलितांतूनच घ्यावीत. ज्याच्या मनात त्या माणसांविषयी प्रेम आहे त्यालाच ही सेवा जमेल, हे त्यांनी टॉलस्टॉयच्या आधाराने सांगितले.

या पत्राकडे आपण राजकीय इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहतो. वस्तुतः ते समाजकार्याच्या पद्धतिशास्त्रावरील लिखाण आहे. व्यक्तिसहाय कार्याच्या मूळ गृहीतकावरच त्याने बोट ठेवले आहे, आणि तेही भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण सुरू होण्यापूर्वी चार वर्षे. विशेष असे की ज्यांना ते लिहिले त्या ठक्करांसोबत बाबासाहेबांनी त्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणीचे काम केले होते. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत दोघेही सभासद होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात स्पृश्य लोक बहिष्काराचे हत्यार कसे चालवतात याचे वर्णन आहे: जमिनीवरून काढून टाकणे, काम बंद करणे, वहिवाटीच्या वाटा अडवणे, गावच्या वाण्याने माल देणे थांबवणे, आणि तेही कधी कोणी जमीन विकत घेतली म्हणून, तर कधी चांगले कपडे-दागिने घातले म्हणून. समस्या कोणापाशी आहे ते या वर्णनात स्पष्ट दिसते. क्षेत्रकार्याची वही कशी लिहावी याचा नमुना म्हणून ही पाने विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास काय हरकत आहे? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे हाही त्या कायद्याखाली गुन्हा ठरवला. वाणी माल देत नाही, हे विद्यार्थ्याने वहीत तारीखवार लिहिले, तर ते उद्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

येथे एक आक्षेप येईल. विद्यार्थ्याने तटस्थ राहायचे असते, सेवार्थ्यात गुंतायचे नसते, असे शास्त्र सांगते ना? फेलिक्स बिएस्टेक या अमेरिकन पाद्र्याने १९५७ साली सांगितलेली सात तत्त्वे आमच्याकडे पाठ करून घेतली जातात. त्यांतील 'नियंत्रित भावनिक सहभाग' हे तत्त्व आमच्या पर्यवेक्षकांचे विशेष लाडके. बिएस्टेकना मुळात सेवार्थ्याच्या भावना जाणणारा आणि त्यांना प्रतिसाद देणारा कार्यकर्ता हवा होता. आमच्याकडे 'सहभाग' गळाला आणि 'नियंत्रित' तेवढे उरले. दलित विद्यार्थ्याच्या वहीत संताप उमटला की लाल शाईत 'अति-तादात्म्य' असा शेरा पडतो. सवर्ण विद्यार्थ्याच्या वहीत किळस उमटली, तर ती 'वस्तुनिष्ठ निरीक्षण' म्हणून खपते. संताप ही भावना आणि किळस हे निरीक्षण, ही वर्गवारी कोणत्या शास्त्रात बसते? गोपनीयता, स्वयंनिर्णय ही बिएस्टेकची इतर तत्त्वे आपल्याही कामाची आहेत, ती टाकण्याचे कारण नाही. पण शेरा मारणारा हात कोणाचा आहे याची चर्चा वैयक्तिक चर्चेत कधी होत नाही.

याहून खोल एक गोष्ट आहे. बर्था रेनॉल्ड्स ही समाजकार्याची थोर अमेरिकन शिक्षिका. डाव्या विचारांमुळे व्यवसायाने तिला पुढे दूर लोटले. तिने १९४२ साली क्षेत्रात शिकणाऱ्याच्या मनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी आत्मभानाने अवघडून जाण्याची: नवखा विद्यार्थी अनोळखी ठिकाणी जातो, त्याला हातपाय कुठे ठेवावे ते कळत नाही. निरीक्षण सूक्ष्म आहे. पण आमच्या मुलाचे अवघडलेपण निराळ्या जातीचे असते. वस्ती त्याला अनोळखी नसते, ती फार ओळखीची असते. गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि हातात वही घेऊन तो दारात उभा राहतो, आणि आतली म्हातारी विचारते, "कुनाचा रं तू बाळा? कोन्या गावचा?" त्याला आडनाव सांगावे लागते. ते सोबतच्या मुलामुलींसमोर सांगावे लागते. वर्षभर ज्या गोष्टीवर पांघरूण घालून तो वसतिगृहात राहिला ती गोष्ट म्हातारीच्या एका प्रश्नाने उघडी पडते. म्हातारीला मात्र त्या उत्तराने आनंद होतो. ती चहा टाकते. सोबतचे विद्यार्थी चहा पितात की 'उपवास आहे' म्हणतात, हे तो पाहत असतो. क्षेत्रकार्यातील शिकण्याचा हा सर्वांत मोठा क्षण असतो आणि तो वहीत येत नाही. कारण तो 'सेवार्थ्याची समस्या' नव्हे. पर्यवेक्षकाने हा क्षण ओळखून त्यावर गटचर्चा घेतली, तर सर्वच विद्यार्थी शिकतील, उपवासवाले अधिक शिकतील. पण त्यासाठी पर्यवेक्षकाला जातीवर, सर्वांसमक्ष, शांतपणे बोलता आले पाहिजे. पर्यवेक्षकांना हे कोण शिकवणार?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांतील शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत असे सांगितले, त्यामागे त्यांचे कारण हेच होते, की असा शिक्षक मुलांत मोकळेपणाने मिसळेल आणि त्यांच्या गरजा जाणील. फुल्यांचे म्हणणे आणि बाबासाहेबांचे पत्र, दोन्ही शिक्षकाच्या आणि सेवकाच्या निवडीविषयी बोलतात. आज आरक्षणामुळे आमच्यापैकी काही जण प्राध्यापकाच्या खुर्चीत आले आहेत. तेवढ्याने मात्र प्रश्न सुटत नाही, आणि हे आपणच आपल्याला सांगितलेले बरे.

कारण जन्माने ओळख मिळते, ज्ञान मिळतेच असे नाही. बौद्ध विद्यार्थी पारध्यांच्या पालावर जातो तेव्हा तोही परकाच असतो. त्याच्याही वहीत 'हे लोक चोऱ्या करतात' असे वाक्य येते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण तो आमच्या डोक्यातूनही रद्द झाला का? मातंग वस्तीत, मेहतरांच्या चाळीत आमची मुले कधी कधी उपदेशकाच्या थाटात बोलतात: तुम्ही अजून देव का पूजता, मुले का शिकवत नाही? प्रश्न चुकीचे नाहीत, आवाज चुकीचा आहे. तो चॅरिटी सोसायटीच्या घरभेटीचा आवाज आहे. ज्यांनी तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकला त्यांनीच तो उचलावा, ही शोकांतिका चळवळीच्या मासिकांतून अधिक चर्चिली गेली पाहिजे. दुसऱ्या बाजूने, सवर्ण घरांतील काही विद्यार्थी आपली घरे वस्तीतल्या मित्रांना खुली करतात, बापाशी भांडण घेतात, हेही मी पाहतो आहे. १९३२ च्या पत्रातील सामाजिक मिसळणीची मागणी ती मुले नकळत पुरी करतात. त्यांच्या या भांडणाला क्षेत्रकार्याचे गुण मिळत नाहीत. ते मिळावेत असे मला वाटते.

विद्यार्थ्यांना वाचायला काय देतो, हाही पद्धतीचाच भाग आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली. साहित्याच्या वर्गात ही पुस्तके आत्मकथने म्हणून शिकवली जातात. क्षेत्रकार्याच्या वर्गात ती घेतली जात नाहीत, कारण ती 'शास्त्रीय' नव्हेत. बेबीताईंनी महारवाड्यातील भूक, बाळंतपणे, सासुरवास, देवदेवस्की यांचे जे वर्णन केले आहे त्यात आपल्या माणसांचे दोष लपवलेले नाहीत, आणि ते दोष कोणी लादले हेही लपवलेले नाही. दोन्ही गोष्टी एका नजरेत पाहायच्या, हेच तर आम्हाला विद्यार्थ्याला शिकवायचे आहे. आणखी एक पुस्तक तर सरळ क्षेत्रकार्याचेच आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला', १९८९. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना त्या दोघी ठिकठिकाणी जाऊन भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांचे बोलणे त्यांच्या शब्दांत नोंदले. त्या स्त्रियांकडे त्यांनी इतिहास विचारला. सेवार्थी म्हणून ज्यांची नोंद झाली असती, त्या या पुस्तकात साक्षीदार झाल्या.

संस्थांविषयी लवकर आटोपतो, कारण त्यांचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. पुष्कळ संस्थांना विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात. फॉर्म भरायला, सतरंज्या अंथरायला, देणगीदार आले की टाळ्या वाजवायला ते हवे असतात. ज्या मुलाची शिष्यवृत्ती वर्षाअखेरीस जमा होते त्याने दोन दिवसांचे एस.टी.चे भाडे कोठून आणायचे, हे कोणी विचारीत नाही. अनुपस्थिती मात्र मांडली जाते.

आमच्या महाविद्यालयात गेली काही वर्षे आम्ही काही शिक्षक एक प्रयोग करीत आहोत. त्याला मोठे नाव देण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, विद्यार्थ्यांना केवळ वस्तीत न पाठवता ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, रेशनचे दुकान, पाणीपुरवठ्याची टाकी येथेही पाठवायचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते. ती गेल्या तीन वर्षांत कशावर खर्ची पडली, हे वहीत लिहून आणा, असे सांगितले की विद्यार्थ्याला गाव अर्ध्या दिवसात कळते. कोण कागद दाखवतो, कोण उद्या या म्हणतो, कोण आधी आडनाव विचारतो, सगळे निरीक्षणच. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण नाव बदललेल्या नगरात नळाची वेळ बदलली का, हेही विद्यार्थ्याने पाहायचे. दुसरी गोष्ट, वहीचे पान मधोमध दुमडायचे. डाव्या बाजूला 'काय नाही', उजव्या बाजूला 'कोणामुळे नाही'. उजवी बाजू कोरी ठेवली तर मी वही परत करतो. सुरुवातीला मुले तेथे 'शासनामुळे' असे लिहून मोकळी होतात. मग विचारावे लागते: शासन म्हणजे कोण? त्याचे टेबल कोणत्या खोलीत आहे?

तिसरी गोष्ट थोडी अडचणीची ठरली. वर्षाअखेर या वह्या कपाटात जातात आणि काही वर्षांनी रद्दीत. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्या कधी दिसत नाहीत. आम्ही असे ठरवले की गोपनीय तेवढे वगळून, ज्यांनी माहिती दिली त्यांना विचारून, वहीतील सारांश वस्तीच्या समाजमंदिरात वाचून दाखवायचा. पहिल्याच वाचनात बायांनी चार दुरुस्त्या सांगितल्या. व्हॉल्व्ह आठला उघडतो असे वाचताच एक आजी म्हणाल्या, "आठला न्हाई पोरी, साडेआठला. अन्‌ आमुशेला तर येतच न्हाई तो." विद्यार्थिनीने तेथेच वहीत खोडून दुरुस्त केले आणि अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंनी तो सारांश ग्रामसभेत वाचण्यासाठी मागून घेतला. ग्रामसभेत तो वाचला गेला. त्यानंतर ज्या संस्थेमार्फत आमचे विद्यार्थी त्या गावात जात होते, तिच्या चिटणिसांनी महाविद्यालयाला पत्र पाठवून कळवले की विद्यार्थ्यांच्या वर्तनामुळे संस्थेचे गावाशी असलेले संबंध बिघडले आहेत आणि पुढील वर्षापासून विद्यार्थी पाठवू नयेत. पत्र मिळाले त्या आठवड्याच्या गटचर्चेत आम्ही तेच वाचायला घेतले. आता त्या गावात आमच्या मुली संस्थेविना, वस्तीतल्या महिला बचत गटाच्या बोलावण्यावरून जातात. विद्यापीठाच्या अर्जात 'संस्थेचे नाव व शिक्का' असा रकाना आहे. तेथे बचत गटाचा शिक्का चालेल का, याविषयी अभ्यास मंडळाशी पत्रव्यवहार चालू आहे.